काडी नसलेला बाण

१

शाळेच्या जडवस्तूंच्या वहीत प्रत्येक बाक, नकाशा नि चंबू नोंदवलेला असतो, आणि पानाच्या शेवटी 'शेरा' नावाचा एक अरुंद रकाना असतो. 'मोडले', 'झिजले', 'वाळवी लागली' याच्यापलीकडे त्यात काही लिहायची रीत नाही. अठ्ठावीस वर्षांच्या कारकुनीत मी तिथं 'चोरी' हा शब्द एकदाच लिहिला आणि तीन तासांत खोडला. खाडाखोड मला खपत नाही. पण ती एक खाडाखोड मी अजूनही अधूनमधून काढून बघतो. बरं वाटतं.

तारीख २८ फेब्रुवारी २००३, शुक्रवार, विज्ञान दिन. आमचं हायस्कूल निमगाव सावाच्या बाजूला आहे. नाव देत नाही. नाव दिलं की संस्थेचं पत्र येतं. अकरा वाजता मैदानावरून रॉकेट उडायचं होतं. तीनशे पोरं, त्यांचे आईबाप आणि पुढच्या खुर्च्यांवर पाहुणे.

साडेआठला विज्ञानाचे गोरख सर ऑफिसात घुसले.

"गेणभाऊ, मोटर गेली!"

"कुणाच्या विहिरीवरची?"

"रॉकेटची हो! थोरली!"

इथं थोडं समजावून सांगतो. अमेरिकेतल्या एका माजी विद्यार्थ्यानं शाळेला रॉकेटचा संच पाठवला होता. पुठ्ठ्याची नळी, हलक्या लाकडाचे तीन पंख, प्लॅस्टिकचं नाक आणि उतरताना उघडणारी छत्री. फक्त मोटर नव्हती, कारण ती टपालानं येत नाही. मोटर म्हणजे दारू ठासून भरलेली जाड कागदी नळी. ती पुण्याच्या एका छांदिष्ट इंजिनियरकडून भरतशेठनं आणली. भरतशेठ म्हणजे द्राक्षबागायतदार आणि शाळा समितीचे अध्यक्ष. दोन धाकट्या आणल्या, अंगठ्याच्या जाडीच्या. एक थोरली, तिच्याहून जाड नि लांब.

जानेवारीत धाकटीवर रॉकेट झकास उडालं, सरळ वर गेलं. पण पाहुण्यांसमोर 'झकास' पुरत नाही, 'अबब' लागतं. म्हणून गोरख सरांनी आतली अरुंद नळी कापून काढली, रुंद बसवली आणि थोरलीसाठी जागा केली. हे काम स्टाफरूममध्ये चालू असताना पाण्याचा माठ ठेवायला आलेल्या शिपाई लंकाबाईनं विचारलं होतं, "सर, ह्या बाणाला काडी न्हाई का? दारू वाढली की काडी वाढवाया पायजे." सगळी स्टाफरूम हसली. सर म्हणाले, "लंकाबाई, ही दिवाळी नाय, अमेरिका हाय." मीही हसलो. खोटं कशाला सांगू!

आता प्रयोगशाळेच्या कपाटात काय होतं ते सांगतो. कुलूप शाबूत. रॉकेट जागेवर. थोरलीची डबी रिकामी. आणि रॉकेटच्या शेपटात कुणीतरी उरलेली धाकटी मोटर बसवून ठेवलेली, भोवती कागदाची सुबक बाही घालून, कुठं हलत नव्हती की डुगडुगत नव्हती.

मुख्याध्यापिका वृषालीबाईंनी विचारलं, "कपाटाच्या चाव्या किती?"

"दोन. एक राजरत्नकडं, एक माझ्याकडं."

"तुमची कुठं असते?"

"ड्रॉवरमध्ये. कुलपात," मी म्हणालो.

त्यातला 'ड्रॉवर' खरा होता. 'कुलपात' खोटं होतं.

२

राजरत्न आमचा प्रयोगशाळा परिचर. तीन वर्षं तात्पुरता. त्याला कायम करण्याचा प्रस्ताव त्याच आठवड्यात बाईंच्या टेबलावर सहीला आलेला. त्या सकाळी तो पहिल्या एस.टी.नं घोडेगावहून उतरला तो खांद्यावरची पिशवी न उतरवताच बाईंसमोर उभा केला गेला.

"मी बुधवारी दुपारी बाराला गेलो, बाई. भाचीचं नाव ठेवायचं व्हतं. रजेचा अर्ज गेणभाऊंकडं हाय."

"मोटर शेवटची कधी पाहिली?"

गोरख सर मध्येच म्हणाले, "मी पाहिली. बुधवारी सकाळी. काल दिवसभर मी नारायणगावला लाउडस्पीकरच्या मागं होतो."

"म्हणजे बुधवारी दुपारी जाताना नेता आली असती," बाई म्हणाल्या. त्या वाईट नव्हत्या. घाईत होत्या. घाईतला माणूस चावी मोजतो आणि चावीवाल्याला धरतो.

राजरत्ननं पिशवी उघडून टेबलावर उपडी केली. एक सदरा, एक टॉवेल, कागदात बांधलेले चार पेढे. "हे तुमच्यासाठी आणलं व्हतं," तो म्हणाला. पेढ्यांकडं कुणी बघेना.

"हे बघ," बाई म्हणाल्या, "अकरापर्यंत मोटर मिळाली तर ठीक. नाहीतर प्रस्तावाबरोबर हेही वर कळवावं लागेल. स्फोटक वस्तू आहे. माझा इलाज नाही."

बाहेर व्हरांड्यात त्यानं मला गाठलं. "गेणभाऊ, दोन चाव्या. तुमच्यावर कुणाचा संशय न्हाई. ऱ्हायला कोण?"

यावर मी काही बोलायला हवं होतं. माझ्या ड्रॉवरचं कुलूप चार वर्षांपूर्वी बिघडलं होतं, चावी तपकिरीच्या डबीत असते आणि हे निम्म्या शाळेला माहीत होतं. पण अठ्ठावीस वर्षं 'गेणभाऊंचं काम चोख' हे ऐकलेल्या माणसाची जीभ अशा वेळी जड होते.

मी एवढंच म्हणालो, "अकरापर्यंत मला वेळ दे."

घड्याळात सव्वानऊ झाले होते. वहीत मी 'चोरी' लिहिलं आणि रॉकेट बगलेत मारून निघालो.

३

आधी समृद्धीला गाठलं. नववी 'अ'. रॉकेट सरांनी जोडलं असं पत्रिकेत छापलं होतं. जोडलं या पोरीनं. सरांशी तिचं चार दिवस बोलणं बंद होतं, हे मला हजेरीपटाशिवायही कळत होतं.

"भांडण कशावरून?"

"थोरलीवरून. मी म्हटलं, सर, मोटर जड झाली, शेपूट जड झालं, पंख तेवढेच राहिले. नाकात वजन घालू, नाहीतर पंख मोठे करू. सर म्हणाले, वजन घातलं की उंची कमी होते, पाहुणे काय म्हणतील?"

"मग तू मोटर काढलीस?"

तिनं माझ्याकडं असं पाहिलं की मला माझा प्रश्न परत घ्यावासा वाटला. "मला काढायची असती तर त्या भांडणात सगळ्यांसमोर रडले असते का? मला थोरलीवरच उडवायचं होतं. पण नीट."

मी रॉकेट तिच्या हातात दिलं. तिनं ते फिरवलं आणि थबकली.

"हे ठिपके माझे नाहीत."

पांढऱ्या नळीवर कोळशाचे दोन बारीक ठिपके होते. एक जवळजवळ मध्यावर, दुसरा त्याच्यापासून तीन बोटं मागं, शेपटाकडं. मी ते मळ समजलो होतो. समृद्धीनं फ्रॉकच्या खिशातून दोरा काढला, पुढच्या ठिपक्यावर बांधला आणि रॉकेट लटकवलं. ते ताठ आडवं राहिलं, सोनाराच्या तराजूसारखं.

"पुढचा ठिपका म्हणजे धाकटी घातल्यावरचा तोल," ती हळू म्हणाली. "मग मागचा कशाचा, सांगू का? थोरलीचा. कुणीतरी दोन्ही घालून तोललंय, गेणभाऊ."

मग आम्ही बाही पाहिली. धाकटी आणि रुंद नळी यांच्यामधली पोकळी बरोब्बर भरणारी, पदरावर पदर देऊन वळलेली. पुढच्या टोकाला आतून कागदाचीच एक पोकळ, जाड कडी.

"ही कशाला?"

"मोटर पुढं ढकलते ना. कडी नसली तर रॉकेट राहील जागेवर आणि मोटर एकटीच नाकातून निघून जाईल."

मी मनातल्या मनात जमेला एक रक्कम धरली. चोर वस्तू नेतो. चोर कडी वळत बसत नाही. ज्यानं हे केलं त्याला रॉकेट उडायला हवं होतं.

बाहीला नख लावलं तर वाळलेल्या खळीचा पापुद्रा निघाला. किंचित निळसर.

मोरचूद! द्राक्षांवर फवारतात ते. मी थेट भरतशेठच्या बागेकडं सायकल दामटली.

४

भरतशेठ मांडवाखाली द्राक्षांच्या पेट्या भरून घेत होते. हाताच्या रेषा मोरचुदानं निळ्या. मी त्या हातांकडं बघतोय हे त्यांनी ताबडतोब ओळखलं.

"काय गेणभाऊ, लग्न जमवताय का माझं? लई निरखून बघताय."

मी खळीचा पापुद्रा दाखवला. ते पोट धरून हसले.

"राव, या शिवारात मोरचूद नसलेलं घर दाखवा, तुमाला बाग लिहून देतो! आन् मी कशाला चोरीन? थोरली मीच आणली. पाहुण्यांना मीच बोलावलंय. धाकटी उडाली तर लोकं म्हणतील, भरत्याचं रॉकेट भरत्याएवढंच!" भरतशेठ उंचीला पाच फूट. स्वतःवर हसणारा माणूस सहसा खोटं बोलत नाही, ही माझी जुनी नोंद.

"कुणी नेली असंल?" मी विचारलं.

"ते तुमी सांगा. पर त्या राजरत्नवर ढकलू नका. गेल्या साली माझ्या पोराचं पाकीट लॅबमधे ऱ्हायलं व्हतं, त्यानं घरी आणून दिलं. चालत."

पावणेदहा. परत येताना सायकलवर एक गोष्ट डोक्यात घोळत होती. हा निळसर रंग मला नवा वाटत नव्हता. रोज बघितल्यासारखा वाटत होता. पण जी गोष्ट रोज दिसते तिची नोंद कोण करतो?

ऑफिसात येऊन मी ब्लेड घेतलं आणि बाहीचा शेवटचा पदर अलगद उकलला.

आतून माझंच अक्षर बाहेर आलं.

५

तो फेब्रुवारीच्या गोषवाऱ्याचा कागद होता. बेरीज चुकली म्हणून मी फाडून टोपलीत टाकलेला. कधी? बुधवारी, पाचच्या घंटेला. घंटा होताना पेन झटकलं होतं आणि शाईचा एक फराटा उठला होता. तो फराटा तसाच होता.

मी खुर्चीत बसून एकेक रक्कम मांडली.

कागद बुधवारी पाचपर्यंत माझ्या टेबलावर होता, टोपलीत नव्हता. म्हणजे बाही त्याच्यानंतर वळली. राजरत्न बाराच्या गाडीनं घोडेगावला गेला तो आज सकाळी आला. एवढ्या पदरांची खळ वाळायला रात्र लागते. बाही खडखडीत वाळलेली. राजरत्न सुटला.

दुसरी रक्कम. निळी खळ. दर मे महिन्यात शाळेच्या सगळ्या वह्या आम्ही ऑफिसातच बांधतो. झुरळं लागू नयेत म्हणून खळीत चिमूटभर मोरचूद मीच घालायला लावतो. माझ्या मागच्या फळीवरच्या प्रत्येक वहीच्या पुठ्ठ्याला तो निळसर रंग आहे. अठ्ठावीस वर्षं मी त्या रंगाला पाठ देऊन बसलो होतो आणि शोधायला गेलो द्राक्षबागेत!

आता ती खळ शिजवतं कोण? माझी टोपली रोज रिकामी कोण करतं? माझा बिनकुलपाचा ड्रॉवर फडक्यानं कोण पुसतं? आणि शाळेतल्या सगळ्या खोल्यांच्या चाव्यांचा जुडगा कुणाच्या कमरेला असतो?

सकाळपासून आम्ही दोन चाव्या मोजत होतो. जिच्या कमरेला तीस चाव्या, तिचं नाव कुणाच्या तोंडी आलं नव्हतं. ती खोल्या उघडून, झाडून, आठ वाजताच हारफुलं आणायला राजुरीला गेली होती. तिच्यावर संशय यायला आधी ती कुणाच्या लक्षात यायला हवी होती.

बाहेर फाटकाशी पाहुण्यांची जीप थांबल्याचा आवाज आला.

६

लंकाबाई टाकीपाशी झेंडूच्या माळांवर पाणी शिंपडत होती. मी बाही तिच्यापुढं धरली.

"छान वळलीय," मी म्हणालो.

तिनं एकदा बाहीकडं, एकदा माझ्याकडं पाहिलं. "उकलली व्हय? लई मेहनतीची व्हती. लाटण्यावर वळलीय."

"लंकाबाई, कुणाला न सांगता?"

"सांगितलं व्हतं की! स्टाफरूममधे. तुमी समदी हसला." आवाजात राग नव्हता, हिशेबाची शिल्लक मांडावी तसं सांगितलं. "माझा बाप भागू दारूवाला. मढपासनं मंचरपातुर जत्रंची शोभेची दारू त्याचीच. बाण वळायचं मी आठव्या वर्षी शिकले. बाप म्हणायचा, पोरी, बाण आधी बोटावर तोलायचा, मंग बत्ती. दारू वाढली की काडी वाढवायची. एका जत्रंला पाटलानं हट्ट धरला, मोठी नळी लाव, काडी हाय तीच ऱ्हाऊ दे. बाप नको म्हणत व्हता. बाण दोन पुरुस वर गेला आन् फिरला. लोकांत आला. माझ्या भावाचा डोळा गेला."

तिनं पदरानं हात पुसले. "जानेवारीत ह्यो बाण सरळ गेला. बुधवारी झाडताना म्हनलं तोलून बघू. टोपलीतल्या कागदानं बाही वळली, घरी वाळवली. काल दोन्ही नळ्या घालून बघितल्या. थोरलीनं तोल तीन बोटं मागं गेला. ह्याची काडी म्हंजी पंख, ते तेवढंच. आन् समोर तीनशे लेकरं."

"मग सकाळी सांगायचं होतं."

"सर बघतील, धाकटी बसलेली हाय तर उडवतील, म्हनलं. भांडायला टाइमच ऱ्हायचा न्हाई. पुन्यांदा हसून घ्यायची ताकद नव्हती बगा."

"राजरत्नवर आलंय, लंकाबाई. त्याच्या ऑर्डरवर."

तिच्या हातातली माळ खाली पडली. "आन् मला आत्ता सांगताय? चला!" ती माझ्यापुढं चालू लागली. अनवाणी, भराभर.

"पण थोरली कुठं आहे?"

"तुमच्या कपाटात. जडवस्तूच्या वह्यांच्या मागं, खडूच्या खोक्यात. तिथं तुमच्याबिगर कुणी हात लावत न्हाई."

म्हणजे मोटर माझ्या ताब्यातून गेलीच नव्हती. सकाळपासून गावभर शोधताना मी एकच कपाट सोडलं होतं. माझं.

७

बाईंच्या खोलीत मी आधी माझा ड्रॉवर कबूल केला. लंकाबाईला बोलायची घाई झाली होती, पण मी म्हटलं, थांबा, ही रक्कम माझ्या नावावर आहे. "कुलूप चार वर्षं बिघडलेलं आहे. सकाळी मी खोटं बोललो. त्या खोट्याचा बोजा राजरत्ननं वाहिला." बाईंनी प्रस्ताव पुढं ओढला, राजरत्नला आत बोलावलं आणि त्याच्यासमोर सही केली. मग पुडीतला एक पेढा उचलून तोंडात टाकला. माफी मागायची प्रत्येकाची रीत असते.

गोरख सर मात्र लाल झाले होते. "बोटावर तोलून रॉकेट कळत असतं तर शास्त्रज्ञ कशाला हवेत?"

"सर, तुमीच तोला," लंकाबाई म्हणाली.

समृद्धीनं थोरली घातली. सरांनी पुढच्या ठिपक्याखाली बोट धरलं. शेपूट धाडकन खाली गेलं. धाकटी घातली, रॉकेट बोटावर आडवं राहिलं. त्यांनी हे तीनदा केलं. तिसऱ्यांदा त्यांनी मान वर केली. खिडकीतून समोर पोरं ओळीनं बसताना दिसत होती. पुढच्या रांगेत त्यांचा पाच वर्षांचा मुलगाही होता.

"धाकटी," ते म्हणाले. "आणि बाही परत चिकटवा."

अकरा वाजून दहा मिनिटांनी रॉकेट धाकटीवर सुटलं. फार उंच नाही, पण सुतासारखं सरळ. छत्री उघडली आणि ते भरतशेठच्याच बागेत उतरलं. पाहुण्यांनी टाळ्या वाजवल्या. त्यांना 'अबब'ची कल्पनाच नव्हती, त्यामुळं उणं काही वाटलं नाही.

तरी भरतशेठना शंका होतीच. रविवारी कापणी झालेल्या एका मोकळ्या रानात, आम्ही सगळे ट्रॅक्टरच्या ट्रॉलीआड उभे राहून, थोरली होती तशा रॉकेटात घालून लांबून बटण दाबलं. ते दोन पुरुष वर गेलं, थांबलं, जणू काही विसरलंय असं वळलं आणि सणसणत आडवं येऊन ढेकळांत घुसलं. गोरख सरांनी पावलं टाकत अंतर मोजलं. शाळेत पाहुण्यांच्या खुर्च्या जेवढ्या लांब मांडल्या होत्या तेवढंच भरलं. मग लंकाबाईपुढं येऊन त्यांनी हात जोडले, आणि ती म्हणाली, "आवो सर, हे काय! लोकं बघत्यात." लोक म्हणजे आम्ही पाच जण.

राजरत्नची ऑर्डर जूनमध्ये आली. पुढच्या विज्ञान दिनाला समृद्धीनं नवं रॉकेट केलं. पंख हातभर रुंद वाटावेत असे, नाकात शिशाचा गोळा, आणि दोन्ही मोटरींसाठी बदलता येणारी बाही, लाटण्यावर वळलेली. लंकाबाईनं ते बोटावर घेतलं. सगळी स्टाफरूम भोवती गोळा झाली होती.

"हां," ती म्हणाली. "आता लागली काडी."

भरतशेठनं पुण्याहून आणलेली नवी थोरली गेली ती मान दुखेपर्यंत वर गेली.

जडवस्तूंच्या वहीत त्या 'चोरी'वर एक आडवी रेघ आहे. तिच्याखाली 'जागेवरच होती' एवढं लिहिलंय. आणि नव्या रॉकेटच्या नोंदीपुढं, जिथं मोडतोड लिहायची रीत आहे त्या रकान्यात, मी 'तोल पाहिला' असं लिहून वही लंकाबाईपुढं सरकवली. तिला सहीपुरतंच लिहिता येतं. रकाना अरुंद, तिची अक्षरं मोठी. सही शेजारच्या दोन ओळींत गेली. एरवी मी असलं चालवून घेतलं नसतं.